पोलीस गाडीचा मालक कोण? मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची वाटचाल

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज दाखल होतो तेव्हा पहिल्याच पानावर सामनेवाल्यांची नावं असतात. गाडीचा चालक, गाडीचा मालक, विमा कंपनी. गाडी पोलिसांची असेल तर मालकाच्या ओळीत महाराष्ट्र शासन येतं, तर्फे जिल्हाधिकारी. विमा कंपनीची ओळ पुष्कळदा रिकामी राहते, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ ने सरकारी कामाच्या गाड्यांना सक्तीच्या विम्यातून सूट दिली आहे. म्हणजे जखमी माणसाला द्यायचे पैसे थेट तिजोरीतून निघतात. मालकाच्या जागी शासनाचं नाव लिहिता यावं म्हणून या देशात शंभराहून अधिक वर्षं वाद चालला. बारामती-इंदापूरच्या कोर्टांत वकिली करणाऱ्यांच्या हाताला ती ओळ आता सवयीची झाली आहे. पण ती सहजासहजी मिळालेली नाही आणि तिला आडवाटेने कात्री लागते आहे. म्हणून या संस्थेची वाटचाल मांडून ठेवावीशी वाटते.

न्यायाधिकरण नव्हतं तेव्हा अपघातात कर्ता माणूस गेला की वारसांना १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागे. मागणीच्या रकमेवर कोर्ट फी भरायची, समन्स बजावणीत महिनेच्या महिने घालवायचे आणि निष्काळजीपणा सिद्ध करण्याचं सगळं ओझं त्या विधवेनेच वाहायचं. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा सक्तीचा केला, तरी पैसे मिळवायची वाट जुनीच राहिली. १९५६ च्या दुरुस्तीने त्या कायद्यात कलम ११० आलं आणि अपघाताच्या दाव्यांसाठी वेगळं न्यायाधिकरण नेमायचा अधिकार राज्यांना मिळाला. जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा माणूस, संक्षिप्त चौकशी, दिवाणी दाव्याइतका काटेकोर पुरावा नको, आणि ‘न्याय्य’ वाटेल ती भरपाई. १९८८ च्या नव्या कायद्याने हीच व्यवस्था कलम १६५ पासून पुढे चालवली आणि कलम १७५ ने या विषयापुरता दिवाणी न्यायालयाचा दरवाजा बंद केला.

सरकारकडे नुकसानभरपाई मागता येते का, हा प्रश्न त्याहून कितीतरी जुना आहे. कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीत सरकारी मजूर लोखंडाचा अवजड भाग वाहून नेत होते. तो त्यांनी रस्त्यात टाकला, त्या आवाजाने एका जहाज कंपनीच्या गाडीचा घोडा बुजला आणि जखमी झाला. १८६१ साली सर बार्न्स पीकॉक यांनी कंपनीला भरपाई मिळवून दिली खरी, पण देताना एक रेघ मारली. गोदी चालवणं हा धंदा, म्हणून सरकार देणं लागतं. राज्यकारभाराच्या सार्वभौम अधिकारातून काही घडलं असतं तर देणं लागलं नसतं. एका घोड्याच्या जखमेवरून मारलेली ही रेघ पुढे शंभर वर्षं माणसांच्या जखमांना लावली गेली.

१९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पहिल्यांदा पुसट केली. उदयपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांची जीप दुरुस्तीहून परत आणताना चालकाने एका पादचाऱ्याला धडक दिली आणि तो माणूस दगावला. विद्यावती खटला म्हणून हा निकाल प्रसिद्ध आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली सवलत प्रजासत्ताकाने का अंगावर मिरवावी, असा सरन्यायाधीश भुवनेश्वरप्रसाद सिन्हा यांच्या निकालपत्राचा रोख होता. पंधरा हजार रुपयांची भरपाई कायम झाली.

अडीचच वर्षांनी काटा पुन्हा उलट फिरला, आणि पोलीस गाडीचा विषय निघाला की मला हाच निकाल आठवतो. सप्टेंबर १९४७ मध्ये मेरठ पोलिसांनी एका सराफाला संशयावरून अडवलं, त्याच्याजवळचं शंभर तोळ्यांहून अधिक सोनं जप्त करून मालखान्यात ठेवलं, आणि मालखान्याचा हेड कॉन्स्टेबल ते सोनं घेऊन पाकिस्तानात निघून गेला. कस्तुरीलाल खटल्यात सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी १९६४ साली निकाल दिला. पोलिसांची हलगर्जी त्यांनी मान्य केली. परंतु अटक करणं, झडती घेणं, माल जप्त करणं ही सार्वभौम सत्तेची कामं ठरवून सरकारला मोकळं केलं. गजेंद्रगडकर साताऱ्याचे, कामगारांच्या बाजूने दिलेल्या निकालांसाठी ख्यातनाम. या निकालाने त्यांचंही समाधान झालेलं नव्हतं. विधिमंडळांनी सरकारच्या जबाबदारीचा स्पष्ट कायदा करावा, असं त्यांनी निकालातच लिहिलं. विधी आयोगाने १९५६ मधल्या आपल्या पहिल्याच अहवालात हेच सुचवलेलं होतं. १९६५ आणि १९६७ साली विधेयकं संसदेत आली, पण कायदा काही झाला नाही. आजही नाही.

आता हा निकाल रस्त्यावर आणून पाहा. अटक हे सार्वभौम काम असेल तर अटकेसाठी केलेला पाठलागही सार्वभौमच म्हणावा लागेल. पळणाऱ्या टिपरमागे धावणाऱ्या पोलीस जीपने सायकलवरच्या माणसाला उडवलं तर त्याच्या बायकोपोरांच्या हाती भोपळा. तर्क सरळ आहे आणि त्याचं फळ क्रूर आहे.

न्यायाधिकरणांमुळे हा तर्क मोटार अपघातांच्या बाबतीत पाय रोवू शकला नाही. इथे प्रश्न वेगळे विचारले जातात: अपघात मोटारीच्या वापरातून घडला का, चालकाची चूक होती का, आणि गाडीचा मालक कोण. मालक कोणत्या अधिकाराने गाडी फिरवत होता हा प्रश्न कायद्याच्या शब्दांत नाहीच. सरकारी वकील तो ओढून आणत आणि उच्च न्यायालयं बहुतेकदा नाकारत. लष्करी ट्रक तोफखाना शाळेचं यंत्र घेऊन जाताना सायकलस्वार ठार झाला, त्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने साठच्या दशकाच्या अखेरीस केंद्र सरकारला जबाबदार धरलं. यंत्र कुणीही वाहून नेऊ शकतो, त्यात सार्वभौम असं काय, ही त्यामागची साधी दृष्टी. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागेंद्र राव खटल्यात सार्वभौम आणि असार्वभौम ही विभागणीच आधुनिक राज्याला शोभत नाही असं म्हटलं. १९९५ मध्ये महाराष्ट्र सरकारचीच जीप त्या न्यायालयापुढे होती. चालक प्यायलेला, म्हणून कारकुनाने गाडी हातात घेतलेली, आणि स्कूटरवरचा माणूस ठार झालेला. गाडी चालवणं हे कारकुनाचं कामच नव्हतं, असा शासनाचा बचाव होता. गाडी सरकारी कामावर होती एवढं न्यायालयाला पुरेसं वाटलं आणि शासनाला भरपाई द्यावी लागली.

बारामतीला जिल्हा व अतिरिक्त सत्र न्यायालय आलं, त्याआधी आपल्याकडच्या माणसाला अपघाताच्या दाव्यासाठी शिवाजीनगर गाठावं लागे. बारामतीहून शंभर किलोमीटर, इंदापूरहून जवळपास एकशे चाळीस. पाय मोडलेला माणूस तारखेला एसटीने पुण्याला जातो आणि पुढची तारीख घेऊन परत येतो, यात कित्येक दावे तडजोडीत मातीमोल झाले. न्यायाधिकरण बारामतीत बसू लागल्यावर निमगाव केतकीचा साक्षीदार सकाळी निघून साक्ष देऊन संध्याकाळी धारा काढायला घरी पोहोचू लागला. १९९४ च्या दुरुस्तीने आणखी एक सोय केली. अपघात कुठेही होवो, अर्जदार राहतो तिथल्या न्यायाधिकरणात दावा लावता येतो. पनवेलजवळ गेलेल्या वालचंदनगरच्या चालकाचे वारस बारामतीत येतात, आणि भवानीनगरच्या कारखान्याच्या वाटेवर गेलेल्या ऊसतोड मजुराचं कुटुंब बीडमध्ये अर्ज करू शकतं.

बारामती-इंदापूर या दोन तालुक्यांत पाठलागाचा प्रश्न कागदावरचा नाही. पुणे-सोलापूर महामार्ग भिगवण, डाळज, पळसदेव, लोणी देवकर करत इंदापूरला जातो आणि सरडेवाडीच्या टोलनाक्यावरून सोलापूर जिल्ह्याकडे उतरतो. पाटस-बारामती-इंदापूर हा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग रुंद झाला आणि वेग वाढला. हंगामात दोन ट्रॉल्यांचे ऊस ट्रॅक्टर रात्री मागचा दिवा नसताना चालत असतात. एका अंगाला उजनीचं पाणी, त्यातल्या वाळूउपशाच्या बोटी, आणि ती वाळू रातोरात हलवणारे हायवा टिपर. नंबरप्लेटला चिखल फासलेला, दिवे बंद, पुढे मोटरसायकलवर ‘लोकेशन’ देणारी पोरं. मागे महसूलचं पथक किंवा पोलिसांची बोलेरो. अशा वेळी त्याच रस्त्यावर दुधाचे कॅन घेऊन निघालेला माणूसही असतो.

धडक पोलीस गाडीनेच दिली तर दावा सरळ आहे. गुंता होतो तो पळणाऱ्या हायवाने माणूस चिरडला आणि पोलीस गाडी पन्नास फूट मागे थांबली तेव्हा. जीपचा स्पर्शही झालेला नाही, मग शासनाला सामनेवाला करायचं कसं? याचं उत्तर आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात सापडतं. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे पुणे-बंगळुरू महामार्गावर कवठे गावाजवळ पेट्रोलचा टँकर आणि ट्रक एकमेकांना घासले. टँकर उतारावर कलंडला, पेट्रोल गळू लागलं, ते भरून घ्यायला गावकरी जमले, आणि काही तासांनी स्फोट होऊन अनेक माणसं जळाली. आडवा पडलेला टँकर वापरात कसला, असा मालक आणि विमा कंपनीचा युक्तिवाद होता. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘वापर’ या शब्दाचा अर्थ व्यापक ठरवला: गाडी थांबलेली असो की मोडलेली, अपघाताचा तिच्या वापराशी कारणसंबंध असला की झालं. स्पर्श अट नाही. पाठलागाच्या प्रकरणात हाच दुवा धरायचा. अरुंद रस्त्यावर, वस्तीतून, सायरन न वाजवता केलेला पाठलाग त्या धडकेला कारण झाला हे दाखवता आलं, तर पोलीस गाडीचा वापरही त्यात आला.

मग संयुक्त निष्काळजीपणाचा नियम मदतीला येतो. दोघांच्या चुकीने तिसऱ्याचं नुकसान झालं तर तिसऱ्याने पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही वसूल करावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये खेन्येई खटल्यात पक्कं केलं. कुणाचा वाटा किती हे त्या दोघांनी आपापसांत पाहावं. वाळूच्या गाडीला विमा नसतो, मालक कागदावर भलताच असतो. शासन मात्र पळून जात नाही. म्हणून हा नियम आपल्याकडच्या जखमी माणसाला जितका उपयोगी आहे तितका दुसरा क्वचितच असेल.

रक्कम कशी निघते तेही पाहू. धरून चालू की मृत माणूस पस्तीस वर्षांचा, शेती आणि दुधातून महिन्याला पंधरा हजार मिळवणारा, मागे पत्नी, दोन मुलं आणि आई. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात भविष्यातली वाढ म्हणून ४० टक्के मिळवायचे, म्हणजे २१,०००. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा, उरले १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात ३१ ते ३५ वयाला गुणक १६. गुणाकार ३०,२४,००० रुपये, वर अंत्यसंस्कार आणि सहवासाच्या हानीपोटी ठरलेल्या रकमा आणि अर्जाच्या तारखेपासून व्याज. हेच कुटुंब चूक सिद्ध करायच्या भानगडीत न पडता कलम १६४ खाली गेलं तर मिळतात पाच लाख. आणि हायवा सापडलाच नाही, पाठलागाचा कागद कुठे आलाच नाही, म्हणून प्रकरण ‘अज्ञात वाहन’ म्हणून नोंदलं गेलं तर कलम १६१ खाली दोन लाख. त्याचा अर्ज चौकशीला प्रांत किंवा तहसीलदारांकडे जातो. वाळूच्या गाडीमागे पथक पाठवणारं खातंही तेच. तीस लाखांचा दावा दोन लाखांवर येतो तो पाठलागाची नोंद कागदावर आली की नाही, एवढ्यावरून.

सरकारची जबाबदारी मर्यादित करायला कायद्यात वरची रेघ मारावी लागतेच असं नाही. मुदत आखडती घेतली तरी भागतं. १९९४ मध्ये संसदेने अपघात दाव्याची सहा महिन्यांची मुदत काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश दिला, पण तरतुदीच्या वैधतेचा निर्णय व्हायचा आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १६१ जुनंच आहे: कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसांवर दावा किंवा खटला सहा महिन्यांत व्हायला हवा. माझ्या समजुतीने न्यायाधिकरणातल्या अर्जाला ते लागू होत नाही, कारण मोटार वाहन कायदा स्वतःची मुदत स्वतः सांगतो. तरी सरकारी लेखी जबाबात हे कलम येऊ शकतं, त्याची तयारी वकिलाने ठेवावी. कंबरेचं हाड मोडलेल्या माणसाला सहा महिने पलंगावरच जातात.

२०२२ च्या नियमांनी एक चांगली गोष्ट केली. अपघातानंतर ४८ तासांत पोलिसांनी न्यायाधिकरणाला प्राथमिक अहवाल द्यायचा, ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा, आणि त्यावरून दाव्याचं काम सुरू व्हायचं. त्याच वर्षी १५ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने गोहर मोहम्मद प्रकरणात या नियमांच्या अंमलबजावणीसाठी पोलीस ठाण्यांत खास पथकं नेमायला सांगितलं. साध्या अपघातात यामुळे गरिबाचं काम हलकं होतं. पण धडक देणारी गाडी पोलिसांची असेल तर? पंचनामा तेच ठाणं करणार, साक्षीदार तेच निवडणार, आपल्याच सहकाऱ्याविरुद्धचा अहवाल तेच लिहिणार. एखादा अंमलदार प्रामाणिकपणे लिहीलही. व्यवस्था मात्र प्रत्येक वेळी त्या प्रामाणिकपणावर सोडून चालणार नाही.

पोलीस पाठलागाच्या जबाबदारीवरून अमेरिकेत बरीच झटापट झाली आहे. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात अशी तरतूद आहे की ज्या पोलीस खात्याने पाठलागाचे लेखी नियम केले आणि त्यांचं नियमित प्रशिक्षण दिलं, ते खातं पळणाऱ्या गाडीने केलेल्या नुकसानीच्या जबाबदारीतून सुटतं. १९९८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सॅक्रामेंटो खटल्यात पाठलागाबद्दल घटनात्मक दाद मागायची पातळी इतकी वर नेली की पोलिसांचा हेतूच इजा करण्याचा होता असं दाखवावं लागतं. लेखी नियम हवेत, हे त्यांच्याकडून घेण्यासारखं. नियम केला म्हणून जखमी माणसाचा हक्क जावा, हे मला मान्य नाही. नियमाने अपघात कमी होतील. जो होईल त्याचा दवाखान्याचा खर्च नियमाने भरला जात नाही.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात पाठलागासाठी वेगळं कलम नाही. २०१७ च्या वाहनचालन विनियमांत तातडीच्या गाड्यांना सवलत आहे: सायरन आणि दिवा चालू असेल तर सिग्नल आणि वेगमर्यादा ओलांडता येते, तीही पुरेशी काळजी घेऊन. लोकेशनवाल्यांना सुगावा लागू नये म्हणून सायरन बंद ठेवून गाडी पळवली तर ही सवलत उरत नाही. २०१९ मध्ये आलेलं कलम २१०ब तर सांगतं की कायदा राबवणाऱ्यानेच या कायद्याचा भंग केला तर दंड दुप्पट.

पोलिसांची बाजू मला दिसत नाही असं नाही. रात्रपाळीला बोलेरोत दोघं असतात, समोरचा हायवा अंगावर घालायला कमी करत नाही. अशा शिपायाच्या पगारातून भरपाई कापावी असं कुठलाही शहाणा माणूस म्हणणार नाही. सायरन वाजवत, वरिष्ठांना कळवून, नियमात राहून पाठलाग केला असेल तर त्याच्यावर वसुली नको, खात्याने आणि शासनाने ती पेलावी. पाठलागाचा फायदा सगळ्या समाजाला होतो. त्याची किंमत एकट्या दूधवाल्याच्या घराने मोजावी हे अन्यायाचं आहे.

करायचं काय, ते सोपं आहे. पोलीस किंवा महसूलची गाडी गुंतलेल्या प्रत्येक अपघाताचा तपास दुसऱ्या उपविभागातल्या ठाण्याकडे द्यावा. बारामतीचा दौंडकडे गेला तरी चालेल. वस्तीत, शाळेच्या आणि बाजाराच्या वेळी, वारी रस्त्यावर असताना पाठलाग सोडून पुढच्या नाक्याला कळवायचं, एवढा लेखी आदेश असावा; हायवा सरडेवाडीच्या टोलनाक्यावर अडवता येतो. आणि वारसांच्या वकिलाने पहिल्याच आठवड्यात पोलीस ठाण्याची स्टेशन डायरी, गाडीचं लॉगबुक, ११२ च्या गाडीची जीपीएस नोंद आणि टोलनाक्याचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्यासाठी लेखी अर्ज द्यावा. न्यायाधिकरणाला कागद मागवायचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार कलम १६९ खाली आहेत. चित्रण पुसलं गेल्यावर ते अधिकार वापरून हाती काही लागत नाही.